विश्लेषण : बैल हाकणाऱ्या कावसजीचे कापलेले नाक पुण्यात कसे जोडले गेले? आणि लंडनने त्यातून काय शिकले?

कपाळाची कातडी खाली वळवून नाक तयार करण्याची शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते. वैद्यकाच्या इतिहासात तिला ‘भारतीय पद्धत’ असेच म्हणतात. या पद्धतीच्या आधुनिक प्रवासात पहिले नाव येते ते डॉक्टरचे नाही, तर एका रुग्णाचे. त्याचे नाव कावसजी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याच्या चेहऱ्याचे चित्र लंडनमध्ये छापले गेले आणि युरोपातील सर्जन कामाला लागले. ज्याने हे नाक बनवले, त्याचे नाव मात्र कुणी लिहूनच ठेवले नाही.

कावसजी कोण होता?

नाव ऐकून तो पारशी असावा असे वाटते. पण १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात छापलेल्या मजकुरात तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचे म्हटले आहे. मूळ नाव काय होते आणि इंग्रजांच्या कानाला ते कसे ऐकू आले, हा भाग वेगळा. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करायचा. हातात शस्त्र नाही, अंगावर गणवेश नाही. फौजेबरोबर चालायचे, बैलांची देखभाल करायची आणि रसद पोहोचवायची, एवढेच काम.

काळ होता तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा, म्हणजे १७९० ते १७९२ चा. टिपू सुलतानविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले होते. या युद्धात कावसजी टिपूच्या फौजेच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रज फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिली.

बैल हाकणाऱ्यावर एवढा राग कशासाठी?

त्या काळचे युद्ध बैलांच्या खांद्यावर चालायचे. तोफा, दारूगोळा, धान्य, तंबू, सगळे बैलच ओढायचे किंवा वाहायचे. १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दारात पोहोचला होता. पण बैल मरून पडले, धान्य संपले, आणि वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी करून त्याला माघारी फिरावे लागले. त्यामुळे फौजेचे बैल हाकणारा माणूस शत्रूच्या लेखी शिपायाइतकाच महत्त्वाचा होता.

जालनेकरांना हे समजायला लांब जायची गरज नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. त्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेकडे म्हैसूरचे अमृतमहाल जातीचे बैल होते. हे बैल १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती लागले होते. फौजा बदलल्या, झेंडे बदलले, पण बैल हाकणारे कावसजीसारखेच शेतकरी राहिले. लढायांच्या इतिहासात त्यांची नावे शोधून सापडत नाहीत. कावसजीचे सापडते, ते त्याच्या नाकामुळे.

नाकच का कापायचे?

नाक कापणे ही जीव घेणारी शिक्षा नव्हती, जन्मभर मिरवावी लागणारी होती. आपल्या भाषेतच पाहा. नाक कापले जाते, नाक खाली जाते, नाक वर करून चालता येते. नाशिकच्या नावाची लोकप्रिय कथाही शूर्पणखेच्या नाकापाशीच पोहोचते. युद्धकैदी, चोर, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रिया यांना ही शिक्षा होई. हात गेला तर लढाईत जखमी झाला असे म्हणता येते. नाक गेलेला माणूस मात्र रस्त्यात दिसला की गुन्हेगारच समजला जाई. कावसजी असा बारा महिन्यांहून अधिक काळ राहिला.

ही शिक्षा जिथे रूढ होती, तिथे नाक जोडणारेही तयार झाले, हे ओघानेच आले. सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाची कातडी नाकाला जोडण्याचे वर्णन आहे. पुढे कधीतरी गालाऐवजी कपाळ आले. अठराव्या शतकापर्यंत हे कौशल्य ग्रंथांपेक्षा काही कारागीर घराण्यांच्या हातात अधिक टिकून होते.

पुण्याजवळ नेमके काय झाले?

१७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळच्या एका माणसाने कावसजीचे नाक बनवले. इंग्रजी मजकूर त्याला विटा करणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे आपल्याकडचा कुंभार म्हणतो. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. त्यांच्यामुळेच तिचा तपशील उरला.

आधी मेणाची पातळ चकती घेऊन कापलेल्या नाकाच्या बुडावर ती दाबून नाकाचा आकार तयार करायचा. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. मेणाचे काम संपले. आता रेघेच्या आतली कातडी कपाळावरून सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवायची. जुन्या नाकाच्या बुडावरची वाळलेली कड खरवडून ताजी करायची, नाकपुड्यांच्या बाजूने आणि वरच्या ओठावर खाच घ्यायची. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या.

टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे तीन आठवड्यांनी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची आणि नाकाला शेवटचा आकार द्यायचा.

हे सगळे शुद्धीवर असलेल्या माणसावर. भूल देण्याचे औषध यायला अजून अर्धशतक बाकी होते.

ही कातडी मेली कशी नाही?

सगळी गोम त्या बारीक पट्टीत आहे. शरीरापासून सोडवलेली कातडी रक्त मिळाले नाही तर काळी पडून गळून जाते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक रक्तवाहिनी वर कपाळाकडे जाते. पट्टी शाबूत ठेवली की त्या वाहिनीतून वळवलेल्या कातडीला रक्त मिळत राहते. दरम्यान नव्या जागेतून बारीक वाहिन्या तिच्यात शिरतात. तीन आठवड्यांत हा नवा पुरवठा पुरेसा होतो आणि जुनी नाळ तोडता येते. आजचे सर्जनही साधारण तीन आठवडेच थांबतात. रक्तवाहिनीचे नाव त्या कुंभाराला सांगता आले नसते. पण पट्टी कुठे ठेवायची आणि किती दिवस ठेवायची, हे त्याला पक्के ठाऊक होते.

कातात तुरटपणा आणणारे टॅनिन असते, ते कातडी आकसून घट्ट धरते. तुपाने जखम कोरडी पडत नाही. म्हणून आज कुणी जखमेवर कात-तूप लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

चित्र कुणी काढले?

त्या वेळी पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, कावसजीचे चित्र काढले गेले. पेशवे आणि त्यांचा बैल हाकणारा रयत एकाच चित्रकाराच्या समोर बसले, असा योग विरळाच. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्यावरून केलेले कोरीव चित्र आणि शस्त्रक्रियेचे वर्णन एकत्र छापून आले. वाचकांना नुसते वर्णन मिळाले असते, तर दूरदेशीची एक आख्यायिका म्हणून ते विसरले असते. चित्रात शस्त्रक्रियेला दहा महिने झालेला जिवंत माणूस होता, आणि नाक जागेवर होते.

लंडनमध्ये काय घडले?

युरोपला नाक बनवण्याची कल्पना नवी नव्हती. इटलीतील बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीपासून नाक करण्याची रीत छापली होती. तिच्यात हात कित्येक दिवस चेहऱ्याला बांधून ठेवावा लागे. पुढे ती जवळपास विसरली गेली.

कावसजीचा लेख जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या लंडनच्या सर्जनने मनावर घेतला. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील राहिलेल्या चार्ल्स मॅलेटला गाठून त्याने खातरजमा करून घेतली. मॅलेटने दुजोरा दिला, पण एक दुरुस्तीही केली. मासिकाने ही शस्त्रक्रिया नेहमीच यशस्वी होते असे छापले होते. मॅलेटच्या मते ती बहुतेक वेळा होते, दरवेळी नाही. शस्त्रक्रियेचा निकाल सांगताना हा फरक फार मोठा असतो, आणि इथे तो डॉक्टरांपेक्षा एका मुत्सद्द्याने नीट सांगितला.

कार्प्यूने मृतदेहांवर सराव केला आणि योग्य रुग्णाची वाट पाहिली. लेख छापल्यानंतर तब्बल वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, त्याने एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक याच पद्धतीने बनवले. दुसरा रुग्णही लष्करी अधिकारीच होता, त्याचे नाक लढाईत तलवारीने गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूने या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक काढले. त्यात भारतीय पद्धतीचे श्रेय त्याने लपवले नाही. दोन वर्षांत बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचे पुस्तक आले आणि ही शस्त्रक्रिया युरोपभर पसरली.

कावसजीचे नाक आजच्या मोजमापात कसे ठरले असते?

त्यात फक्त कातडी होती. आत कूर्चेचा आधार नव्हता, आतले अस्तरही नव्हते. असे नाक काळानुसार आक्रसते, नाकपुड्या अरुंद होतात. कपाळ लहान असेल तर नाकावर केस उगवण्याचीही अडचण येते. आज सर्जन कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालून सांगाडा उभारतात, आतून वेगळे अस्तर देतात आणि हे सगळे दोन-तीन टप्प्यांत करतात. कर्करोग, अपघात, भाजणे, प्राण्याचा हल्ला ही आता नाक जाण्याची मुख्य कारणे आहेत. बाहेरच्या आवरणासाठी मात्र कपाळाच्या कातडीला अजूनही तोड नाही, कारण रंग आणि पोत दोन्ही जुळतात.

आणि हात?

कावसजीचे नाक परत आले, हात आला नाही. तुटलेला अवयव जोडायचा तर अत्यंत बारीक रक्तवाहिन्या आणि नसा शिवाव्या लागतात. ते जमायला विसावे शतक उजाडले. १९६२ मध्ये बोस्टनमध्ये एका मुलाचा पूर्ण तुटलेला दंड जोडला गेला, तर १९६५ मध्ये जपानमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली अंगठा.

जालन्यासाठी हा भाग नाकापेक्षा जवळचा आहे. इथे स्टीलच्या रोलिंग मिल आहेत, शिवारात मळणी यंत्रे आहेत. यंत्रात बोट किंवा हात गेला तर पहिले काही तास निर्णायक असतात. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी मरतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय कुठे आहे हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. मनगटापासून तुटलेल्या हातात स्नायू असतात, त्याला थंड ठेवले नाही तर सुमारे सहा तासांनंतर जोडणे अवघड होते. बोट थोडे अधिक तग धरते. जळीत रुग्ण आणि प्लास्टिक सर्जरीचे काही उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करता येते. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया त्यात नाहीत.

पुढे काय झाले?

वेल्स १७९५ मध्ये वारला. कार्प्यू १८४६ च्या जानेवारीत गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोस्टनमध्ये इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया जाहीरपणे करून दाखवण्यात आली. कावसजीची नोंद कंपनीचा पेन्शनर एवढ्यावर थांबते. पुण्याजवळच्या त्या कुंभाराबद्दल मासिकात त्याची जात आहे, गावाचा अंदाज आहे, मेणापासून तुपापर्यंत प्रत्येक जिन्नस आहे. नावाची जागा मोकळी आहे.