वर्गातला पंखा आणि डॉ. विष्णू माधव घाटगे



नागपूरच्या मुलांना विमान काही नवीन नाही. वर्धा रोडच्या बाजूला राहणाऱ्या पोरांना तर सोनेगावला उतरणाऱ्या विमानाच्या आवाजाची इतकी सवय असते, की मान वर करून बघायचाही त्यांना कंटाळा. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्याच नागपुरात एकत्र यायची, टपालाची अदलाबदल करून परतायची. असं हे गाव. तरीही माझ्या वर्गातल्या एका मुलीनं एकदा विचारलं, की आपल्या माणसांनी स्वतः आखलेलं विमान कोणतं, आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही.

अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण एक गोष्ट सांगतात. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, अशी ती गोष्ट. ऐकायला छान वाटते, पण त्या उड्डाणाचा पक्का पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ पुस्तकाचा दाखला सोबत दिला जातो, त्यातल्या आकृत्या १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी गणितानं तपासल्या. तशी विमानं उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की या तपासणीत त्या संस्थेचा जो वैमानिकी विभाग होता, तो १९४२ साली सुरू करणारा माणूस मराठीच होता. मुलांना ज्याचं नाव सांगायला हवं, तो हाच माणूस. डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगेंचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. मुंबई विद्यापीठाचं शिक्षण झाल्यावर ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. तिथे लुडविग प्रांट्ल नावाचे प्राध्यापक होते. हवेचा प्रवाह वस्तूभोवती कसा वाहतो, या शास्त्राचा पायाच त्यांनी घातला असं म्हटलं तरी चालेल. घाटगेंनी त्यांच्या हाताखाली संशोधन करून १९३०च्या दशकात डॉक्टरेट मिळवली.

प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडलेली मुख्य कल्पना समजायला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गातला पंखा बंद करा आणि पात्यावरून बोट फिरवा. बोटाला धूळ लागेल. उन्हाळाभर गरगर फिरणाऱ्या पात्यावर धूळ टिकलीच कशी? कारण पात्याला अगदी चिकटलेली हवा पात्यासोबतच फिरते. पात्यापासून जरा दूर गेलं की मगच हवेचा वेग बदलतो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात.

विमानाच्या पंखावरही असाच थर असतो. पंख वाऱ्याला थोडा तिरपा असेल, तर हवा त्याच्या आकाराला धरून खाली वळते. हवा खाली ढकलली जाते, म्हणून पंख वर उचलला जातो. पण पंख फारच तिरपा झाला, तर हा मंदावलेला थर पृष्ठभाग सोडून देतो, प्रवाह विस्कटतो आणि उचल एकदम कमी होते. पंखावरून जाणारी आणि खालून जाणारी हवा एकाच वेळी मागच्या टोकाला पोहोचते, म्हणून वरची हवा वेगानं जाते, असं मीही कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं. ते चूक आहे. वरची हवा प्रत्यक्षात आधी पोहोचते. तुमच्याही टिपणात ते वाक्य असेल तर कृपया खोडा.

आता घाटगेंकडे परत येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. सुरुवातीलाच घाटगे तिथे आले. युद्धाचा काळ होता. कामं बहुतेक जोडणीची आणि दुरुस्तीची, तीही परदेशी विमानांची. तरी १९४१ मध्येच या कारखान्यानं दहा माणसांचं एक ग्लायडर तयार केलं. त्याची आखणी घाटगेंची. ते एकच बनलं, पण कागदावरची रेघ हवेत जाऊ शकते, हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी शिकवायला घेतली. विमानं बनवायची तर आधी ती समजणारी माणसं घडवावी लागतील, ही गोष्ट आपल्या शिक्षकांना वेगळी सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नवं शिकाऊ विमान हवं होतं. तोवर आपली मुलं टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश दुपंखी विमानावर शिकत. घाटगेंच्या चमूनं एचटी-२ हे दोन आसनी, धातूचं, एकपंखी विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं, पुढे कारखान्यातून ओळीनं बाहेर पडलेलं हे पहिलं विमान.

शिकाऊ विमान आखणं सोपं वाटतं, पण तसं नाही. शिकणारा चुकणारच. तो नाक जास्त वर उचलणार, म्हणजे पंख फार तिरपा होणार, म्हणजे तो सीमास्तर सुटणार. अशा वेळी विमानानं आधी इशारा द्यायला हवा आणि चूक सुधारायला वेळही द्यायला हवा. फार लाडावणारं विमान काही शिकवत नाही, आणि फार कडक विमान जीव घेतं. यातला मधला मार्ग आखणीतूनच काढावा लागतो. एचटी-२ दीडशेहून अधिक बनली, घानासारख्या देशातही गेली, आणि तीन दशकांहून जास्त काळ आपल्या वैमानिकांनी त्यांवर पहिले धडे गिरवले.

त्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठी १९५८ साली पुष्पक आलं. मग घाटगेंच्याच मार्गदर्शनाखाली किरण हे जेट शिकाऊ विमान तयार झालं. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात. त्याचं पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ ला, शिक्षकदिनाच्या आदल्या दिवशी झालं. सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ च्या आधी पाहिल्या असतील, त्यांनी हेच विमान पाहिलंय. १९६५ साली घाटगेंना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ ला ते गेले.

हेलिकॉप्टरचं पुसलं तर? पुन्हा पंख्याकडेच बोट दाखवा. त्याची पाती म्हणजे फिरणारे पंखच. छताचा पंखा हवा खाली ढकलतो. ताकद पुरेशी असती तर तोही वर गेला असता. मात्र पाती एका दिशेनं फिरवली की मधला भाग उलट फिरायला बघतो. छताचा पंखा हुकाला बांधलेला असतो, हेलिकॉप्टर मोकळं असतं. म्हणून त्याच्या शेपटीवर छोटा पंखा लावतात.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी उत्तर दिलं. नाव सांगितलं, साल सांगितलं, आणि पंख्याची धूळही दाखवली. खऱ्या गोष्टीचा फायदा हा, की मुलांनी उलटसुलट प्रश्न विचारले तरी ती मोडत नाही. तुम्हीही येत्या ऑगस्टमध्ये एक तास या माणसासाठी ठेवून बघा. पंखा पुसायचा मात्र तास झाल्यावर!