जे. पी. नाईक : एकाच बाकाचे स्वप्न पाहणारा शिक्षणतज्ज्ञ

पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यालगत जे. पी. नाईक पथ आहे. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते नाईक कोण होते हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे. कारण त्यांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा अभ्यास केला, तो आपल्या वस्त्यांचा प्रश्न आहे.

जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म १९०७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. शिक्षण कोल्हापूर व धारवाडला झाले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगवास घडला. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी गावात त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. शाळा का चालत नाही, मूल शाळेतून का गळते, याचे पहिले धडे त्यांना गावातच मिळाले.

पुढे सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

१९६४ ते ६६ या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही शिफारस याच आयोगाची. दुसरी शिफारस अधिक मूलगामी होती: शेजारशाळा. परिसरातील प्रत्येक मूल, जात, धर्म वा ऐपत न पाहता, एकाच शाळेत शिकेल. श्रीमंताचे मूल त्याच वर्गात बसले, तर शाळा सुधारण्यात त्याच्या पालकांनाही रस राहील, हा त्यामागचा विचार.

शेजारशाळा प्रत्यक्षात आली नाही. नाईक यांनी ते लपवले नाही. संख्या, गुणवत्ता आणि समता हा त्रिकोण आपल्याला का साधला नाही, याची मांडणी त्यांनी १९७५ च्या पुस्तकात केली. आयोगानंतर काय घडले, याचा हिशेबही त्यांनी स्वतःच मांडला. आपल्याच कामाची अशी झाडाझडती घेणारे तज्ज्ञ थोडे.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ मध्ये संस्था पुण्यात आली. पत्नी डॉ. चित्रा नाईक याही शिक्षणतज्ज्ञ. शाळेबाहेर राहिलेल्या खेड्यांतील मुलांसाठी त्यांनी अनौपचारिक शिक्षणाचे काम पुढे नेले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले.

वस्तीत काम करताना मला रोज दिसते: धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे मूल महापालिकेच्या शाळेत जाते आणि त्या ज्या घरी काम करतात तिथले मूल बसने दूरच्या खासगी शाळेत. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दिल्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये त्यातून अनेक शाळांना सूट देऊ पाहिली, तेव्हा पालकांना उच्च न्यायालयात जावे लागले. तो बदल न्यायालयाने रद्द केला.

पण २५ टक्के म्हणजे शेजारशाळा नव्हे. राखीव जागेसाठी अर्ज भरूच. त्याबरोबर आपल्या परिसरातली शाळा सर्वांची व्हावी, ही जुनी मागणीही आपण पुन्हा लावून धरली पाहिजे.