प्लॉट फुकट, वर घर बांधायला उचल : धुळे शहर वसवणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जची गोष्ट

धुळ्यात किंवा जळगावात प्लॉट बघायला गेलात की तेच प्रश्न निघतात. रस्ता किती फुटी? पाण्याचं काय? कागद क्लिअर आहेत का? पैसा कुठून उभा करायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथं राहायला येणार कोण?

200 वर्षांपूर्वी हेच प्रश्न एका इंग्रज अधिकाऱ्यापुढं होते. फक्त त्याला एक प्लॉट नाही, अख्खं शहर उभं करायचं होतं. त्याचं नाव जॉन ब्रिग्ज.

जन्म 1785 चा. 1801 मध्ये, ऐन पोरवयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आला. 1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि कारभार कॅप्टन ब्रिग्जकडे गेला.

पण हातात आला तो उजाड मुलूख. फौजांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि 1803 चा दुष्काळ यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. त्या दुष्काळात खुद्द धुळंही रिकामं झालेलं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. बदल्यात त्यांना इनाम जमीन मिळाली.

मग ब्रिग्जनं काय केलं?

1819 मध्ये त्यानं जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. कारण लोकेशन. गाव जिल्ह्याच्या मध्यावर, आणि उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. तेव्हा वस्ती होती 2,509 माणसांची, घरं 401.

आधी त्यानं सरकारी कचेऱ्या बांधायला घेतल्या. लांबून कारागीर आणले. कचेरी आली की माणसांची ये-जा वाढते, हा हिशोब.

मग व्यापाऱ्यांना बोलावलं. घरासाठी जागा दिली, आणि त्या जागेचं भाडं कायमचं माफ. पक्कं घर बांधायला पैसे नसतील तर सरकारातून उचल. जुन्या रहिवाशांनाही, बाहेरून आलेल्यांनाही.

राहिला प्रश्न सुरक्षिततेचा. इथं मात्र ब्रिग्जचा हात कडक होता. डोंगरातल्या भिल्लांवर त्यानं फौजा धाडल्या, त्यांची रसद तोडली. सोबत नाईकांना पेन्शनही देऊ केली. पण खरा फरक पडला तो 1825 नंतर, आउट्रमनं भिल्ल पलटण उभारली तेव्हा.

यात कंपनीचा धर्मादाय नव्हता. वस्ती नाही तर शेतसारा नाही, हे उघड होतं.

1823 मध्ये ब्रिग्ज साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला, पुढं नागपूरला. त्यानं फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं. 1830 मध्ये जमीन महसुलावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याची भूमिका अशी, की जमिनीचा मालक सरकार नाही, तर ती कसणारा. म्हणून सरकारनं साऱ्याला मर्यादा ठेवावी. कंपनीच्याच माणसानं हे मांडणं मोठी गोष्ट होती. 1875 मध्ये इंग्लंडमध्ये तो वारला.

1881 च्या जनगणनेत धुळ्याची वस्ती 18 हजारांवर गेली होती. पुढं 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं.

जागा फुकट होती, तरी लोक नुसत्या जागेसाठी आले नाहीत. रस्ता, कचेरी, हक्काची खात्री आणि हाताशी पैसा, हे जुळलं तेव्हा आले. आज ब्रोशर बघताना भाव विचारण्याआधी हे चार प्रश्न विचारा.