डॉ. प्रफुल्लकुमार सेन : तीन तासांच्या हृदयाचा धडा

फेब्रुवारी १९६८. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवण्यात आले. त्याचे स्वतःचे हृदय स्नायूंच्या आजाराने पार थकले होते. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावरचे पहिले हृदय प्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. केईएममधली ही जगातली सहावी शस्त्रक्रिया आणि ती करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे जगातले चौथे शल्यविशारद. नवे हृदय सुरू झाले, पण सुमारे तीन तासांत रुग्ण दगावला. त्याच वर्षी डॉ. सेन यांनी आणखी एक प्रत्यारोपण केले. तो रुग्णही एक दिवस काढू शकला नाही.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ चा, कोलकात्याचा. बालपण नागपुरात गेले आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन त्यांनी आधुनिक शस्त्रक्रियेचे धडे घेतले आणि ते पुन्हा केईएममध्येच परतले. महापालिकेच्या या रुग्णालयात येणारे रुग्ण बहुतेक गरीब. लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप येणे आणि त्यातून हृदयाची झडप आकसणे, हा त्या काळी घरोघरी दिसणारा आजार होता. १९५० च्या दशकात डॉ. सेन यांनी अशा आकसलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. हृदयाच्या पडद्यातले जन्मजात छिद्र बुजवण्यासाठी रुग्णाचे शरीर थंड करून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवण्याची पद्धतही त्यांनी वापरली.

त्यांचे डोके सतत नव्याच्या शोधात असे. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात रक्त आतल्या कप्प्यातून थेट स्नायूंत झिरपते. माणसाच्या हृदयाच्या भिंतीला बारीक छिद्रे पाडली, तर अडलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून स्नायूला रक्त मिळेल का, हा प्रश्न त्यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांतून तपासला. पुढे अनेक वर्षांनी लेझरने अशी छिद्रे पाडण्याची पद्धत आली, तिचे मूळ या विचारात होते. हृदय प्रत्यारोपणाचा निर्णयही एका रात्रीत झालेला नव्हता. त्याआधी कित्येक वर्षे केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर या शस्त्रक्रियेचा सराव सुरू होता.

मग तो शेतकरी का वाचला नाही? टाके नीट होते, हृदयही चालत होते. अडचण फुप्फुसांत होती. डावे हृदय दीर्घकाळ निकामी राहिले की रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक व अरुंद होतात. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाचा उजवा कप्पा या वाढत्या दाबाशी झगडत जाड झालेला असतो. दात्याचे हृदय मात्र निरोगी फुप्फुसांच्या कमी दाबाला सरावलेले असते आणि त्याच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. अचानक एवढ्या रोधाविरुद्ध रक्त ढकलायची वेळ आली की तो कप्पा फुगतो आणि काही तासांत हार मानतो.

म्हणूनच आज प्रत्यारोपणाआधी मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून नळी घालून फुप्फुसांतला दाब आणि रोध मोजतात. औषधांनी तो उतरत नसेल, तर नुसते हृदय बदलणे धोक्याचे ठरते. १९६८ मध्ये या आकड्याचे महत्त्व पुरते उमगलेले नव्हते.

त्या वर्षी जगभरात सुमारे शंभर हृदय प्रत्यारोपणे झाली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेले, आणि बहुतेक रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया बंद केली. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र काम सोडले नाही. शरीर परके हृदय नाकारत आहे का, हे स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासण्याची पद्धत तिथे १९७० च्या दशकात आली. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले आणि चित्र पालटले. आज प्रत्यारोपण झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण ८५ जण पहिले वर्ष पार करतात.

भारतात आणखी एक अडसर होता. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. काढलेले हृदय साधारण चार तासांत नव्या छातीत सुरू झाले पाहिजे; तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे. १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. ते पाहायला डॉ. सेन नव्हते. १९६९ मध्ये पद्मभूषणने गौरवलेल्या या शल्यविशारदाचे १९८२ मध्ये निधन झाले होते.

त्यांच्या रुग्णाने शिकवलेला धडा आजही लागू आहे. हृदय कमजोर झाले असेल, तर दम लागणे, पायांवर सूज आणि रात्री उशाला उंची लागणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. उशीर जितका जास्त, तितकी फुप्फुसे बिघडतात आणि एक वेळ अशी येते की दाता मिळूनही उपयोग होत नाही. प्रत्यारोपणानंतरही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे जन्मभर, एकही मात्रा न चुकवता घ्यावी लागतात. जंतुसंसर्गापासून जपावे लागते, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. शस्त्रक्रिया काही तासांची असते. तिचे यश मात्र तिच्या आधीच्या महिन्यांवर आणि नंतरच्या वर्षांवर ठरते.