ब्रह्मदेशाचे मिशनरी अदोनिराम जडसन यांचें चरित्र

पौल प्रेषितास बिथुनियांत जावयाचें होतें, परंतु ती वाट बंद झाली, आणि तो त्रोवसाहून मासेदोनियास गेला, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत आपण वाचतों. त्याच रीतीनें एक तरुण उपदेशक अमेरिकेहून हिंदुस्थानांत आला, येथून घालविला गेला, आणि ज्या देशाचें नांव काढतांच त्याच्या मित्रांस भीति वाटे त्या ब्रह्मदेशांत जाऊन त्यानें आपलें आयुष्य वेंचलें. हा उपदेशक म्हणजे अदोनिराम जडसन. त्याच्या सोबत्यांपैकीं दोघे मुंबईस पोंचले, व त्यांच्यापासूनच अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ झाला. म्हणून हें चरित्र कोणा परक्याचें नव्हे, तर आपल्याच घराण्यांतील एका वडील माणसाचें आहे असें समजून वाचकांनीं तें वाचावें, अशी आमची विनंति आहे.

जडसनसाहेबांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत मॉल्डन या गांवीं ता. ९ ऑगस्ट १७८८ रोजीं झाला. वडील एका मंडळीचे पाळक होते. मुलगा तीन वर्षांचा असतांच आईजवळ वाचावयास शिकला, आणि १८०७ सालीं ब्राउन युनिव्हर्सिटींतून पहिल्या नंबरानें उत्तीर्ण झाला. परंतु बाहेरून असें यश मिळत असतां आंतून कीड लागली होती. ईम्स नांवाच्या एका हुशार मित्राच्या संगतीनें पवित्र शास्त्रावरील त्याचा विश्वास उडाला होता. ही गोष्ट त्यानें आईबापांस उघड सांगितली, तेव्हां घरांत मोठें दुःख झालें, व मुलगा घोड्यावर बसून प्रवासास निघून गेला.

पुढें काय झालें तें त्यांच्या चरित्रकारांनीं असें सांगितलें आहे. एके रात्रीं तो वाटेवरील एका मुसाफरखान्यांत उतरला. शेजारच्या खोलींत एक तरुण मरावयास टेंकला होता, व त्याचें कण्हणें रात्रभर ऐकूं येत होतें. हा मनुष्य मरणास सिद्ध आहे काय, आणि आपण तरी आहों काय, या विचारानें त्याची झोंप उडाली. आपल्या मनाची ही दशा ईम्सनें पाहिली तर तो हंसेल, असें म्हणून तो मनास आवरीत राहिला. सकाळीं चौकशी करतां कळलें कीं तो तरुण रात्रींच मरण पावला, आणि तो दुसरा कोणी नसून ईम्सच होता. तेथून त्यानें घोडा घराकडे फिरविला. १८०८ सालीं तो अँडोव्हर येथील सेमिनरींत गेला, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें आपणांस देवाच्या स्वाधीन केलें.

त्या काळीं अमेरिकेंतील मंडळ्यांनीं समुद्रापलीकडे एकही मिशनरी पाठविला नव्हता. पाठविणारी सोसायटीच नव्हती. १८०९ सालीं हिंदुस्थानांतील सेवेविषयीं एक छापील उपदेश जडसनसाहेबांच्या वाचनांत आला, आणि त्यांचें मन पूर्वेकडे लागलें. तशाच इच्छेचे आणखी कांहीं विद्यार्थी त्यांस भेटले. १८१० च्या जून महिन्यांत त्यांच्यापैकीं चौघांनीं ब्रॅडफर्ड गांवीं जमलेल्या पाळकांच्या सभेपुढें उभें राहून, आम्हांस परदेशीं पाठवा, असें स्वतः होऊन मागणें केलें. त्या मागण्यांतूनच अमेरिकन बोर्ड ही सोसायटी निघाली. येथें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं सोसायटीनें माणसें शोधलीं नाहींत. माणसांनीं आपणांस वाहून घेतलें, आणि त्यांच्यासाठीं सोसायटी उभी राहिली.

ब्रॅडफर्ड येथेंच ॲन हॅसेल्टाइन या मुलीची व त्यांची ओळख झाली. तिला मागणी घालतांना जडसनसाहेबांनीं तिच्या वडिलांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आपली मुलगी पुन्हां या जगांत दिसणार नाहीं, ती हालअपेष्टा भोगील, कदाचित् तिला क्रूर मरण येईल, इतकें सर्व मोकळेपणीं मांडून त्यांनीं वडिलांची संमति विचारली. वडिलांनीं निर्णय मुलीवर सोंपविला व मुलीनें होकार दिला. ता. ५ फेब्रुवारी १८१२ रोजीं लग्न झालें. दुसऱ्या दिवशीं सेलम गांवीं जडसन, न्यूएल, नॉट, हॉल व राइस या पांच तरुणांस दीक्षा मिळाली, आणि ता. १९ रोजीं जडसन व न्यूएल हीं दोन जोडपीं सेलमच्या बंदरांतून गलबतानें निघालीं. बाकीचे दुसऱ्या गलबतानें आले.

चार महिन्यांच्या प्रवासांत जडसनसाहेब नव्या कराराचा अभ्यास करीत होते. त्यावरून बाप्तिस्म्याच्या रीतीविषयींचें त्यांचें मत पालटलें, व कलकत्त्यास आल्यावर ता. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं त्या दोघांनीं पाण्यांत बुडून बाप्तिस्मा घेतला. या विषयावर मंडळ्यांत आजही दोन मतें आहेत, व तो वाद आम्हांस येथें काढावयाचा नाहीं. परंतु एक गोष्ट सर्वांनीं मान्य करावी. ज्या सोसायटीसाठीं त्यांनीं स्वतः खटपट केली होती तीच आतां सोडावी लागणार, पगार बंद होणार, सोबत्यांपासून वेगळें व्हावें लागणार, हें ठाऊक असतांही ज्याची खात्री झाली तें त्यांनीं केलें. राइससाहेबांचेंही मत तसेंच झालें. ते अमेरिकेस परत गेले, आणि त्यांच्या श्रमानें १८१४ सालीं तेथील बाप्टिस्ट मंडळ्यांनीं आपली सोसायटी स्थापिली. तोंपर्यंत जडसन पतिपत्नीस आपलें म्हणावयास कोणी नव्हतें.

आतां हिंदुस्थानचें दार कसें बंद झालें तें सांगतों. त्या वेळीं बंगाल्यांत ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य होतें. मिशनऱ्यांच्या उपदेशानें लोक बिथरतील व राज्यास आणि व्यापारास धक्का बसेल असें कंपनीस भय वाटे. त्यांत त्याच १८१२ च्या जून महिन्यांत इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध जुंपलें. जडसनसाहेब ता. १७ जून रोजीं कलकत्त्यास पोंचले, आणि थोड्याच दिवसांत त्यांस अमेरिकेस परत जाण्याचा हुकूम झाला. मॉरिशस बेटास जाण्याची परवानगी मोठ्या मिनतवारीनें मिळाली, पण जाणाऱ्या लहान गलबतांत दोघांपुरतीच जागा होती. त्यांत न्यूएल पतिपत्नी गेलीं. पुढें उरलेल्यांस विलायतेस पाठविण्याचा हुकूम निघाला. तेव्हां जडसन व राइस हे मॉरिशसला जाणाऱ्या एका गलबतावर गुपचुप चढले. सरकारी मनुष्यानें हुगळी नदींत गलबत थांबवून त्यांस उतरविलें. कांहीं दिवस नदीकांठीं लपून काढल्यावर अकस्मात् परवान्याचा कागद हातीं आला. तो कोणी मिळवून दिला हें त्यांस कळलें नाहीं. होडींतून रात्रंदिवस पाठलाग करून त्यांनीं नदीच्या मुखाशीं तेंच गलबत गांठलें.

मॉरिशसला ता. १७ जानेवारी १८१३ रोजीं पोंचतांच पहिली बातमी दुःखाची मिळाली. हॅरिएट न्यूएल या एकोणीस वर्षांच्या बाई ३० नोव्हेंबर रोजींच वारल्या होत्या, व त्यांचें तान्हें मूल त्यापूर्वींच समुद्रावर गेलें होतें. सेवेस आरंभही झाला नव्हता, तोंच ही पहिली कबर. न्यूएलसाहेब पुढें सिलोनवरून मुंबईस आले, व १८२१ सालीं पटकीनें तेथेंच त्यांचा अंत झाला.

तिकडे हॉल व नॉट हे कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस आले. त्यांसही हुसकून देण्याचे हुकूम झाले. पण मुंबईच्या गव्हर्नरांचें मन त्यांनीं वळविलें, आणि त्याच वर्षीं विलायतेच्या पार्लमेंटनें कंपनीची सनद नवी करतांना मिशनऱ्यांस वाट करून दिली. हॉलसाहेब १८२६ सालीं नाशिक भागांत फिरतीवर असतां पटकीनें वारले. एकाच दिवशीं दीक्षा मिळालेल्या पांच जणांस देवानें असें निरनिराळ्या ठिकाणीं नेलें.

जडसन पतिपत्नी मॉरिशसहून जून १८१३ मध्यें मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, आलीं. तेथेंही कंपनीचाच अंमल. पकडून विलायतेस पाठवितील ही भीति होती, म्हणून जें पहिलें गलबत निघेल त्यांत बसणें भाग होतें. तें गलबत रंगूनचें निघालें. ब्रह्मदेशांत, ज्यास आज म्यानमार म्हणतात, राजाचा शब्द हाच कायदा होता, आणि प्रजेनें धर्म बदलणें म्हणजे जिवाशीं गांठ होती. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनीं त्यांस तिकडे जाऊं नका असें सांगितलें होतें. तरी तीं निघालीं. वाटेंत ॲनबाईंस मृत मूल झालें. ता. १३ जुलै १८१३ रोजीं रंगूनला उतरतांना त्यांच्यानें चालवेना, म्हणून त्यांस खुर्चीवर बसवून वाहून न्यावें लागलें.

आपण कोठें आलों हें त्यांनीं ठरविलें नव्हतें. आतां येथें काय करावयाचें हें मात्र त्यांनीं ठरविलें. त्यांनीं भाषा शिकावयास घेतली. पुरें व्याकरण नाहीं, कोश नाहीं, लेख ताडपत्रांवर, आणि शब्दाशब्दांत अंतरही नाहीं. पंतोजीस इंग्रजी येत नसे. वस्तूकडे बोट दाखवावें व नांव विचारावें, असा क्रम चाले. १८१५ सालीं झालेला मुलगा आठ महिन्यांचा होऊन वारला. १८१७ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान छापून झालें. १८१९ सालीं मोठ्या पागोड्याकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेस त्या देशाच्या रीतीचा उघडा मांडव बांधून जडसनसाहेब त्यांत बसूं लागले व येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलूं लागले. ता. २७ जून १८१९ रोजीं मौंग नौ नांवाच्या एका गरीब मजुराचा बाप्तिस्मा झाला. हें पहिलें फळ. रंगूनला पाय ठेविल्यास तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं.

लोकांत भय वाढूं लागलें, तेव्हां जडसनसाहेब नदीनें वर राजधानीस गेले व जानेवारी १८२० मध्यें राजापुढें धर्ममोकळीक मागितली. सोन्याच्या वर्खांत मढविलेलें शास्त्र नजराणा म्हणून नेलें होतें. राजानें एका पत्रिकेच्या पहिल्या ओळी वाचल्या, आणि ती जमिनीवर टाकली. मागणी नामंजूर झाली. आतां ब्रह्मदेशही सोडून इंग्रजी मुलखांत चितगांवाकडे जावें असा विचार ठरूं लागला. रंगूनला येऊन त्यांनीं हें आपल्या मूठभर शिष्यांस सांगितलें. शिष्य घाबरून पांगतील असें त्यांस वाटलें होतें. पण त्यांनीं उलट विनंति केली कीं आठदहा जणांची मंडळी होईपर्यंत तरी गुरूंनीं येथून जाऊं नये. पुढें राजानें कांहीं केलें तरी ही मंडळी टिकेल. जडसनसाहेब राहिले. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत मा मेन-ला या बाईच्या बाप्तिस्म्यानें दहा पुरे झाले.

वाचकहो, येथें थोडें थांबावें. १८१२ सालीं सरकारनें घालविलें म्हणून त्यांनीं देश सोडला. १८२० सालीं राजानें नाकारलें तरी त्यांनीं देश सोडला नाहीं. दोन्ही वेळां दार बंदच होतें. परंतु दुसऱ्या वेळीं आंत मेंढरें होतीं, आणि त्यांनीं हांक मारली होती.

त्या राहण्याचें मोल भारी पडलें. १८२४ सालीं इंग्रज व ब्रह्मी यांचें युद्ध सुरू झालें. जडसनसाहेब तेव्हां राजधानी आवा येथें होते. ता. ८ जून रोजीं हेर समजून त्यांस तुरुंगांत टाकलें. पायांत तीन बेड्या. रात्रीं बेड्यांतून बांबू घालून सर्व कैद्यांचे पाय वर टांगीत. तुरुंगांत जेवण मिळत नसे. ॲनबाई गरोदर असतां रोज अधिकाऱ्यांच्या दारीं खेटे घालून अन्न पोंचवीत. नव्या कराराचें हस्तलिखित त्यांनीं प्रथम जमिनींत पुरलें, मग ओलीनें नासूं नये म्हणून एका कठीण उशींत शिवून पतीस दिलें. कैद्यांस दुसऱ्या गांवीं हलवितांना शिपायांनीं ती उशी फाडून टाकली. मौंग इंग नांवाच्या शिष्यानें गुरूची आठवण म्हणून आंतील कापसाचा गोळा घरीं नेला. पुढें त्यांत शास्त्राचीं पानें सुखरूप सांपडलीं. त्याच वाटेवर अनवाणी चालून जडसनसाहेबांच्या पायांतून रक्त वाहूं लागलें, तेव्हां दुसऱ्या एका कैद्याच्या बंगाली चाकरानें आपलें पागोटें फाडून अर्धें धन्यास व अर्धें त्यांस बांधावयास दिलें. या चाकराचें नांव आम्हीं कोठें वाचलें नाहीं, परंतु त्याची करणी राहिली आहे.

सुमारें सतरा महिन्यांनीं सुटका झाली. पण ता. २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं, पति दूर असतां, ॲनबाई ॲम्हर्स्ट येथें वारल्या, व सहा महिन्यांनीं तुरुंगाच्या दिवसांत जन्मलेली मुलगी मरायाही गेली. जडसनसाहेबांचें मन इतकें खचलें कीं ते रानांत झोंपडी बांधून एकटे राहूं लागले, व कबर खणून तिच्या कांठीं बसत. देवाच्या माणसांवर असा काळोख येत नाहीं असें कोणीं समजूं नये. त्या काळोखांतून ते हळूहळू बाहेर आले, आणि टाकलेलें काम पुन्हां हातीं घेतलें. ता. ३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण शास्त्राचें ब्रह्मी भाषांतर पुरें झालें. १८४० सालीं तें त्यांनीं पुन्हां तपासून संपविलें. तें भाषांतर ब्रह्मी मंडळ्या अजून वाचतात. डोंगरांतील करेन लोकांत तर हजारों लोक प्रभूकडे वळले, व त्यांचा पहिला थोर उपदेशक को था ब्यू हा एके काळीं कर्जापायीं दास झालेला मनुष्य होता.

पुढें त्यांनीं सेरा बोर्डमन या मिशनरी विधवेशीं विवाह केला. त्याही १८४५ सालीं प्रवासांत सेंट हेलेना बेटाच्या बंदरांत गलबतावर वारल्या. तिसऱ्या पत्नी एमिली यांस घेऊन ते १८४६ सालीं पुन्हां ब्रह्मदेशांत आले व कोशाच्या कामास लागले. प्रकृतीसाठीं समुद्रावर गेले असतां ता. १२ एप्रिल १८५० रोजीं त्यांचा अंत झाला, व देह समुद्रास दिला गेला. पत्नीस ही बातमी कांहीं महिन्यांनीं कळली.

खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस या चरित्राचा विशेष उपयोग आहे. एखाद्या गांवची चावडी बंद होते, पाटील मनाई करतो, दोन दोन वर्षें कोणी ऐकत नाहीं. अशा वेळीं लगेच उठून जावें कीं तेथेंच बसावें? जडसनसाहेबांनीं दोन्ही केलें, आणि दोन्ही आज्ञापालनच होतें. जेथें आपले कोणी नव्हते व राहणेंच अशक्य झालें, तेथून ते कुरकुर न करितां पुढें गेले. जेथें दोनचार जीव प्रभूचे झाले होते, तेथें ते राजाच्या नकारानंतरही राहिले. म्हणून गांव सोडण्यापूर्वीं त्या गांवांतील लहानांत लहान विश्वासणाऱ्यास विचारावें, त्याच्याबरोबर गुडघे टेंकावे, आणि मग पाऊल उचलावें. मंडळ्यांनींही आपल्या उपदेशकास रंगूनच्या त्या गरीब शिष्यांप्रमाणें धैर्यानें सांगावें कीं आमचें मूळ धरेपर्यंत आम्हांस सोडूं नका. प्रभु आपणां सर्वांस जाण्याची व राहण्याची वेळ ओळखण्यास कृपा देवो.