रोजगार हमीचे जनक वि. स. पागे

दुष्काळ पडला की सरकारने कामे काढावीत आणि पाऊस होताच ती गुंडाळावीत, हा इंग्रजी अमदानीपासूनचा शिरस्ता. सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांना तो मान्य नव्हता. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून, हा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे साठच्या दशकात त्याचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये, भीषण दुष्काळाच्या तोंडावर, रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातील नोकरदारांच्या पगारातून तो आजही कापला जातो, कशासाठी हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते! १९७७ च्या कायद्याने हमीवर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९९० मध्ये ते निवर्तले. केंद्राने देशासाठी तसा कायदा केला तो २००५ मध्ये.