तुकड्यांवरचा मुसाफिर

रमजानचे रोजे फर्ज आहेत, पण मुसाफिराला त्यातही सवलत आहे. प्रवासात सुटलेले रोजे त्याने घरी परतल्यावर पूर्ण करावेत. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटसरूचे नाव आहे. त्याला ‘इब्ने सबील’ म्हणजे वाटेचा लेक म्हणतात. घरी त्याची शेतीवाडी असेलही, पण परक्या गावात त्याची गाठ रिकामी झाली की त्या घडीला तो हक्कदार ठरतो. १३२५ साली तांजियरहून हजला निघालेला तरुण इब्न बतूता पुढे कित्येक वर्षे फिरू शकला, तो वाटेवरच्या सुफी खानकाहांत मिळणाऱ्या मुक्कामाच्या आणि जेवणाच्या आधारावर.

आपल्या वऱ्हाडातही असा एक मुसाफिर होऊन गेला. त्याचे नावच मुळी भाकरीच्या तुकड्यावरून पडले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. पाळण्यातले नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळा. घरची गरिबी होती. शाळा तिसरीच्या पुढे फारशी सरकली नाही. पोराचे चित्त पाटीपेक्षा भजनात. वरखेडला आडकोजी महाराजांच्या पायाशी तो बसू लागला आणि तिथेच माणिकचा तुकड्या झाला. मागून आणलेल्या तुकड्यांवर पोट भरणारा, म्हणून तुकड्या. पुढे लाखो लोकांनी त्याला ‘जी’ आणि ‘महाराज’ जोडले, पण भजनाच्या शेवटी ते स्वतःला तुकड्याच म्हणवून घेत राहिले.

आडकोजी महाराज गेल्यावर हा मुलगा घराबाहेर पडला. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडचे रामदिघी आणि गोंदोड्याचे जंगल अशी त्याची भटकंती झाली. आज या ठिकाणी सहली जातात, डबे उघडले जातात, फोटो निघतात. तेव्हा या पोराजवळ ना तिकिटाचे पैसे होते ना शिदोरी. जंगलात कंदमुळे खावीत, गाव लागले की भाकर मागावी, देवळाच्या ओसरीवर पडावे. इतक्या तुटपुंज्या सामानानिशी हिंडलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, ती पुस्तकातून कळत नाही: कोणत्या गावात अनोळखी माणसाला आधी पाणी विचारतात आणि कोणत्या गावात आधी जात.

त्याच्याजवळ चैनीची वस्तू एकच होती, खंजिरी. पेटी-तबल्याला साथीदार लागतात, बैलगाडी लागते. खंजिरी झोळीत मावते. ती हातात घेऊन महाराज मराठीत आणि हिंदीतही गायचे, त्यामुळे वऱ्हाडातला शेतकरी, बैतुल-छिंदवाड्याकडचा मजूर आणि उर्दूच्या कानाचा मुसलमान असे सगळेच ऐकायला बसायचे.

१९३५ साली सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला. प्रचंड गर्दी लोटली. गर्दी जमवता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण महाराजांना पुढचा प्रश्न पडला असावा, की ही माणसे उद्या घरी गेल्यावर काय करणार? त्याच वर्षी त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला.

जागा बघण्यासारखी आहे. संतांचे आश्रम बहुधा नदीकाठी नाहीतर डोंगरात असतात. हा आश्रम अमरावती-नागपूर रस्त्याला लागून आहे. जवळच विदर्भाची जुनी राजधानी मानले जाणारे कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीच्या त्या माहेराहून शेकडो वर्षांपासून पालखी पायी पंढरपूरला जाते. म्हणजे ही मुळातच चालणाऱ्यांची वाट. अमरावतीहून एसटीने निघालेला माणूस तासाभरात इथे उतरतो, आणि त्याला आत जायला आडवाट धरावी लागत नाही.

आत प्रार्थनेच्या जागी कोणत्याही देवाची मूर्ती नाही. एक आसन आहे, रिकामे. ज्याला जो आठवेल तो त्याने तिथे आठवावा. पहाटे ध्यान आणि सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना, हा महाराजांनी घालून दिलेला दिनक्रम. वऱ्हाडातल्या खेड्यांत श्रीगुरुदेव सेवामंडळाची मंडळी संध्याकाळी रांगेने बसतात ती हीच वेळ. रमजानात त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला खजूर हातात घेऊन लोक मगरिबच्या अजानकडे कान लावून असतात. एकच सूर्य दोघांनाही वेळ सांगतो.

१९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. महिनाभर ते तिथे राहिले. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टी पेटली. महाराजांच्या भजनांचा त्या भागावर केवढा पगडा होता हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होते. ऑगस्टमध्ये त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले, डिसेंबरमध्ये सोडले. पुढे डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात येते.

त्या मानाने ‘ग्रामगीते’तला यात्रा-मेळ्यांचा अध्याय कमी वाचला जातो. १९५५ साली आलेला हा ग्रंथ ४१ अध्यायांचा, ४६७५ ओव्यांचा. ग्रामशुद्धी, श्रमसंपत्ती, महिलोन्नती असे त्याचे विषय. भक्तांच्या जोरावर उभा राहिलेला संत यात्रेवर लिहितो तेव्हा गोडगोड माहात्म्य लिहील असे वाटते. महाराजांनी तसे केले नाही. यात्रेतली घाण, रोगराई, भोळ्या माणसाची लुबाडणूक हे सारे त्यांनी समोर मांडले. यात्रा बंद करा असे मात्र त्यांचे म्हणणे नाही. हजारो माणसे एका जागी जमतात, तर तिथे स्वच्छता शिकवा, शेतीची नि उद्योगांची प्रदर्शने भरवा, चांगले कीर्तन-भजन ठेवा. गरीब माणूस जत्रेतून काही घेऊन घरी गेला पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. त्यांच्या लेखी गावच तीर्थ होते. सकाळी रामधून काढायची आणि फिरता फिरता गल्ल्या झाडायच्या, हा त्यांचा शिरस्ता. तीर्थाला जायची ऐपत नसलेल्या माणसाचे तीर्थ असे त्याच्या दारात आणून ठेवले.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा दुसऱ्या बाजूने हेच काम करत होते. पंढरपूरला गेलेल्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा नाही, आणि दलिताला तर कोणी ओसरीही देत नाही, हे बघून त्यांनी १९१७ साली तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे इतर क्षेत्रांतही धर्मशाळा उभ्या राहिल्या. एकाने तीर्थात छप्पर दिले, दुसऱ्याने तीर्थ गावात आणले. दोघांच्या झोळीत स्वतःसाठी काही नव्हते. एका जिल्ह्याने अर्ध्या शतकात अशी दोन माणसे द्यावीत, ही वऱ्हाडची श्रीमंती कापसाच्या भावात मोजता येत नाही.

१९५५ मध्येच तुकडोजी महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले. दहा वर्षांपूर्वीच त्या देशावर अणुबॉम्ब पडले होते. वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी तिथे जमले होते. यावलीच्या तिसरी शिकलेल्या माणसाने त्यांच्यासमोर तीच झोळीतली खंजिरी वाजवली. त्याआधी बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी आणि नंतर १९६२ व १९६५ च्या युद्धांत सीमेवरच्या जवानांसाठी ते धावून गेले. माणूस अडचणीत आहे तिकडे जायचे, असा त्यांचा प्रवास राहिला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. समाधी आश्रमासमोरच, रस्त्याच्या पलीकडे आहे. दरवर्षी पुण्यतिथीच्या सप्ताहात विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून पायी पालख्या येतात. चालणाऱ्यांच्या डोक्यावर भगव्या टोप्या, खांद्याला पिशवी, पिशवीत बहुधा घरची भाकर-चटणी. मौन श्रद्धांजलीच्या दिवशी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सारा परिसर स्तब्ध होतो. महामार्गावरची वाहने जागच्या जागी उभी राहतात. एसटीतले प्रवासी, ट्रकचे ड्रायव्हर, घाईतले मोटारवाले सगळे थांबतात. मग वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि अडकलेल्या गाड्या एकेक करून नागपूरकडे, अमरावतीकडे निघतात.